पर्जन्यमापकाची वही, भाग ४: काकांचा पाऊस कुठे गेला?

मागच्या भागात म्हटलं होतं की आता आलेख काढायला घेतो. आलेख राहिला बाजूला. गेले तीन रविवार एकाच गोष्टीत गेले. माझ्या डेटाबेसप्रमाणे चिपळूणजवळच्या आमच्या घरी जुलैत चार दिवस पाऊसच नव्हता. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, पऱ्ह्या दुथडी भरून वाहत होता. कसला कोरडा दिवस?"

नव्यांसाठी थोडक्यात मांडणी. काका रोज सकाळी साडेआठला मापक वाचतात (हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतात, म्हणून हीच वेळ) आणि फोनवरच्या पानात मिलिमीटर भरतात. पान साध्या जावास्क्रिप्टचं (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा), सर्व्हर फ्लास्कवर (पायथन भाषेतली वेब-सर्व्हर लिहायची चौकट), खाली एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस), आणि हे सगळं माझ्या पुण्यातल्या एका जुन्या लॅपटॉपवर. माझ्या गच्चीतल्या मापकाची नोंद मी टर्मिनलमधून कर्लने (वेब-विनंत्या पाठवणारी आज्ञा) पाठवतो. नोंद पाठवायलासुद्धा गेट विनंतीच वापरली होती, जी खरं तर फक्त वाचण्यासाठी असते आणि जिच्यात माहिती पत्त्यातच (यूआरएलमध्ये) जाते. माहीत आहे. शिव्या नंतर द्या, आता लिहिण्यासाठीची 'पोस्ट' विनंती केलीय.

चार दिवसांपैकी दोन नोंदींत किंमत नल (म्हणजे 'किंमतच नाही') होती, दोनमध्ये शून्य. म्हणजे रोग दोन होते.

आधी नल. काकांनी फोनचा कीबोर्ड मराठी केला आणि आकडे देवनागरीत यायला लागले. माझ्या पानातला आकड्याचा रकाना साधा टेक्स्टचा, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही. पण पाठवण्याआधी मी हुशारी करून मजकूर 'नंबर' या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून काढत होतो. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे कळत नाहीत, त्याने 'नॅन' दिलं, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. यूआरएलमध्ये जाताना त्या नॅनची झाली तीन अक्षरं. पलीकडे सर्व्हरवर पायथनचं 'फ्लोट' बसलेलं, तेही मजकुराचा आकडाच करतं. त्याला ही तीन अक्षरं दिली की ते चूक म्हणत नाही, आनंदाने खराखुरा नॅन बनवून देतं.

पुढे माझी तपासणी होतीच की: आकडा शून्यापेक्षा कमी असेल किंवा हजारापेक्षा जास्त असेल तर परत पाठव. नॅनची कमी-जास्त अशी तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'नाही'. शून्यापेक्षा कमी? नाही. हजारापेक्षा जास्त? नाही. मग जा आत. एसक्यूलाइट नॅन साठवत नाही, त्याच्या जागी नल ठेवतं. डेटाबेसमधल्या टेबलावर मी 'चेक' (अट) लावला होता की पाऊस शून्य किंवा अधिक हवा, पण नलची तुलना नलच येते आणि चेक फक्त स्पष्ट 'खोटं' आलं तरच अडवतो. 'नॉट नल' (नल चालणार नाही) लिहायचा मी आळस केला होता. आणि महिन्याची बेरीज करणारं 'सम' नल गुपचूप वगळतं.

पाच दारं, पाचही उघडी, आणि प्रत्येक दारावरचा माणूस नियमाप्रमाणेच वागला.

यातली खरी गंमत पुढे आहे. मी पानात काहीच न करता काकांनी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पाठवला असता तर सगळं चाललं असतं! पायथनचं फ्लोट आणि इंट (पूर्णांकांसाठीचं) दोन्ही देवनागरी आकडे वाचतात. '२५.४' द्या, पंचवीस पूर्णांक चार येतात. अर्धे इंग्रजी, अर्धे देवनागरी असे मिसळले तरी चालतं. रूपांतर दोन ठिकाणी केलं, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला आधी उभं केलं.

आता शून्य. काका दोन दिवस रत्नागिरीला गेले होते. जाताना काकूंना सांगून गेले, "साडेआठला ते बटण दाबायचं." काकूंनी इमानेइतबारे बटण दाबलं. आकडा भरायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. रिकामा मजकूर जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला दिला की शून्य मिळतं. नॅनसुद्धा नाही, चक्क शून्य. सर्व्हरच्या दृष्टीने ती निर्दोष नोंद: कोकणात, भर जुलैत, पाऊस निरंक. 'पाऊस पडला नाही' आणि 'कोणी मापक पाहिला नाही' यांतला फरक पानातच पुसला गेला, मग सर्व्हरवर कितीही कडक तपासणी लावा, तो परत येत नाही. नॅनपेक्षा मला ही चूक जास्त लागली, कारण नल निदान शोधता तरी येतो.

काकांना हसत होतो तेवढ्यात माझ्या स्वतःच्या नोंदी सापडल्या. मागच्या पाच दिवसांचे आकडे मी एकदम पाठवले आणि पाचही आजच्या तारखेला पडले. वेळ मी शेवटी 'अधिक साडेपाच तास' (भारतीय वेळेची खूण) लावून पाठवत होतो, आणि यूआरएलच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकचं चिन्ह सर्व्हरवर मोकळी जागा म्हणून वाचलं जातं. त्यामुळे तारीख वाचता आली नाही. पण चूक दिसली का? नाही. फ्लास्कमध्ये पॅरामीटर (विनंतीसोबत आलेली किंमत) घेताना सोबत प्रकार आणि डीफॉल्ट (काही न आल्यास धरायची किंमत) देता येतो, आणि रूपांतर फसलं तर तो मुकाट डीफॉल्ट देतो. माझा डीफॉल्ट होता 'आत्ताची वेळ'. रोज साडेआठलाच पाठवत होतो म्हणून महिनाभर कळलंही नाही. 'पॅरामीटर आलाच नाही' आणि 'आला पण वाचता आला नाही' या दोन्हींना एकच उत्तर देणारी ही सोय मी आता कुठेच वापरत नाही. (कर्लमध्ये 'डेटा-यूआरएलएनकोड' हा पर्याय आहे, तो वापरला की अधिक शाबूत पोचतं.)

त्याच सोयीत प्रकार म्हणून 'बूल' (खरं-खोटं) दिलात तर 'फॉल्स', म्हणजे 'खोटं', हा शब्दही खरा ठरतो, कारण पायथनला रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (मजकूर) खरीच. आकडा अंदाजे आहे का, या माझ्या खुणेचा असाच बोऱ्या वाजला होता. तिथे आता फक्त 'हो' आणि 'नाही' चालतात.

सध्याची स्थिती अशी. पान काहीही बदलत नाही, लिहिलेलं तसंच धाडतं. सर्व्हरवर आधी पाहतो की मजकूर आहे का. रिकामा असेल तर तिथेच परत. मग छोटा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर तपासायचा साचा): आकडे, फार तर एक दशांश टिंब, दुसरं काही नाही. तेवढ्याने नॅन, अनंत आणि मध्ये अंडरस्कोर घातलेले आकडे (हो, पायथन तेही वाचतं) बाहेर राहतात. पायथनमधली 'आकडा' ही खूण युनिकोडमधले सगळे दशमान आकडे धरते, त्यामुळे उद्या कोणी गुजरातीत पाऊस भरला तरी हरकत नाही. मर्यादेची अट उलटी लिहिली: शून्य ते हजार यांच्या आत असेल तरच घ्यायचं. चुकून नॅन इथवर पोचलाच तर आता तुलनेचं तेच 'नाही' त्याला बाहेर ठेवतं. टेबल 'स्ट्रिक्ट' केलं, म्हणजे रकान्यात चुकीच्या प्रकारची किंमत शिरत नाही (एसक्यूलाइट ३.३७ पासून आहे), आणि नॉट नल लावलं.

हजारच का? पहिल्यांदा ५०० ठेवणार होतो. मग २६ जुलै २००५ आठवला: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. माझ्या सर्व्हरने त्या दिवशीचा आकडा 'अशक्य' म्हणून फेकला असता. म्हणून आता २०४.५ च्या वर, म्हणजे हवामान खातं ज्याला अत्यंत मुसळधार म्हणतं तिथून पुढे हजारापर्यंत, नोंद नाकारत नाही, फक्त 'नक्की का?' विचारतो.

चुकीला उत्तर म्हणून ४२२ (वेबचा 'विनंती कळली, पण मजकूर स्वीकारता येत नाही' असा कोड) पाठवतो आणि सगळ्या चुका एकदम सांगतो. त्याहून उपयोगी बदल मात्र अगदीच साधा निघाला. पूर्वी काहीही झालं तरी पान 'धन्यवाद' म्हणायचं. आता ते वाचून दाखवतं: '५ जुलै, २५.४ मिमी नोंदवला.' काका ती ओळ वाचतात आणि चुकलं तर लगेच फोन करतात.

नल झालेले दोन आकडे कालनिर्णयच्या चौकटीत काकांनी पेन्सिलीने लिहिलेले होते, ते भरले. शून्यवाल्या दोन नोंदी काढून टाकल्या. काका परतल्यावर मोजलेलं पाणी तीन दिवसांचं होतं, म्हणून 'किती दिवसांचा पाऊस' असा नवा पॅरामीटर घातलाय, पूर्णांक, एक ते सात. काल काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "दुपारी मोजला तर अडीच लिहू का रे?"