एकाच बॉक्सला गिटार, फोन आणि सिंथ, लेव्हल जमवताना आलेला अनुभव
माझ्या फिल्टर बॉक्सला (आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी कापणारा डबा) बाहेरचा आवाज देता यावा म्हणून इनपुट बनवत होतो, सर्किट साधंच, ९ व्होल्टवर टीएल०७२ (सिग्नल मोठा करणारी ऑप-अँप आयसी) आणि बायस, म्हणजे सिग्नल ज्या मधल्या व्होल्टेजभोवती वरखाली होतो ते, ४.५ व्होल्टला. फोन लावला की ठीक चालायचं, गिटार एकदम दबकी आणि मॉड्युलर सिंथ लावला की आवाज फाटायचाच. स्कोपवर (वेव्हचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) बघितलं तर गिटार हळू वाजवल्यावर जेमतेम १०० मिलिव्होल्ट पीक टू पीक (वेव्हच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) आणि सिंथ सरळ १० व्होल्ट, म्हणजे १०० पट फरक! ९ व्होल्टच्या सप्लायमध्ये ते मावणारच नाही, वेव्हची दोन्ही टोकं सपाट कापलेली दिसत होती.

आधी अगदी पुढेच १० केचा (१०,००० ओहमचा) पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर, टाकला. सिंथ सुधारला पण गिटारचा ट्रेबल गेला, कारण पिकअपच्या कॉइलला एवढा लोड झेपत नाही, तिला १ मेगच्या (दहा लाख ओहमच्या) आसपास लागतो. मग पॉट बफरच्या (स्रोतावर लोड न टाकता सिग्नल जसाच्या तसा पुढे देणाऱ्या भागाच्या) नंतर नेला तर गिटार छान आणि सिंथ बफरमध्येच कापला जायला लागला, आणि एकदा कापला गेला की पुढे कितीही कमी करा, फाटलेलाच राहतो. शेवटी सॉकेटच दोन केले, गिटारचं थेट बफरला, १ मेग लावून, आणि लाइनचं (फोन आणि सिंथसाठी) १०० के-२२ केच्या डिव्हायडरमधून, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीतून, त्याने १० चे साधारण १.८ व्होल्ट होतात.

खरा वेळ गेला तो पुढच्या गेन स्टेजमध्ये, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या भागात. फीडबॅकला १० केचा पॉट, खाली ग्राउंडला १ के, म्हणजे गेन १ ते ११. पॉट फिरवला की आवाज गायब, मीटर लावला तर आउटपुट ४.५ च्या जागी ८ व्होल्टच्या आसपास चिकटलेलं. दोन संध्याकाळी आयसी बदलत बसलो आणि मग लक्षात आलं की सिग्नलसोबत बायसही ११ पट होऊ बघतोय. १ केच्या खाली १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाकला (१६ हर्ट्झला कट येतो, ऐकायला काही फरक नाही) आणि आउटपुट लगेच ४.५ वर आलं, इतकं बरं वाटलं!

क्लिपिंग (वेव्हची टोकं कापली जाणं) कळावं म्हणून एलएम३९३ या कंपॅरेटर आयसीवर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी) एक एलईडी लावलाय, सगळ्यात जोरात वाजवताना तो क्वचितच चमकेल इतपत गेन ठेवतो. हा एलईडी प्रत्येकाने लावाच, नुसत्या कानाने लेव्हल लावायला फार वेळ जातो. आता पिएझो (धक्का बसला की व्होल्टेज देणारी चकती) लावून बघायचाय, त्यावर जोरात टिचकी मारली की क्षणभर बरेच व्होल्ट येतात, म्हणून बफरच्या आधी १० के सीरिजमध्ये आणि सप्लायच्या दोन्ही टोकांकडे (९ व्होल्ट आणि ग्राउंड) एकेक १एन४१४८ डायोड, जादा व्होल्टेज तिकडे वळवायला, आत्ताच सोल्डर करून ठेवलेत.