लढत लावू, आधी पडून दाखव

आमच्या ज्युदोच्या वर्गाच्या स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा पदकांच्याही आधी मला आठवले ते दर जूनमध्ये छाती काढून येणारे नवे भिडू. कुणी जिममध्ये दंड कमावलेला, कुणी पेठेतल्या तालमीत घाम गाळलेला, तर कुणी दुसऱ्या क्लासचा पिवळा पट्टा बॅगेत घेऊन आलेला. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांचं एकच म्हणणं, "सर, थेट लढत लावा."

सर म्हणायचे, "लावू की. आधी पडून दाखव."

हनुवटी छातीला, हात अंगापासून थोडा लांब, तळवा खाली आणि पाठ टेकता टेकता अख्ख्या हाताचा मॅटवर फटका. बघायला सोपं वाटतं. पण ज्याला पडण्याचीच लाज वाटते, तो ऐनवेळी हात मागे टेकवतो आणि सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो. ज्युदोत नवख्यांची हाडं बरेचदा अशीच मोडतात. म्हणून ब्रेकफॉल, म्हणजे इजा न होता असं पडणं, जमेपर्यंत सर कुणालाही, अगदी कुणालाही, लढतीला उभं करत नसत.

नंतरही अशा मुलाची जोडी दुसऱ्या नवख्याशी लागायची नाही. तो ताकद लावतो, पकड सोडत नाही, समोरच्याला घेऊन त्याच्याच अंगावर कोसळतो. त्याच्यासमोर निळा किंवा तपकिरी पट्टाच, म्हणजे मुरलेला भिडूच हवा. आमच्यातलं कुणी "सर, याची रग जिरवू का?" म्हणालं, की सर खरोखर चिडायचे.

तालमीतला एक मुलगा माझ्या वाट्याला आला होता. माझ्या दीडपट वजनाचा. खाली वाकून त्यानं माझे पाय धरले आणि मला सरळ उचलून टाकलं. तेव्हा पाय धरायला मुभा होती, बंदी २०१० पासून आली. सरांनी त्याला मनापासून शाबासकी दिली, कारण त्याचा तोल खरंच सुरेख होता. पण कुस्तीत अंगावर कपडा नसतो, त्यामुळे बाही आणि कॉलर धरली की काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी तो ढकलत आला, मी आत वळले आणि इप्पोन सेओई नागे मारला. हा डाव आपल्या धोबीपछाडच्या फार जवळचा. तो पाठीवर आला, पण त्याची बाही मी शेवटपर्यंत वर ओढून धरली होती, त्यामुळे डोकं आपटलं नाही.

उठल्यावर त्यानं विचारलं, "ताई, बाही का नाही सोडली?"

उत्तर सरांनी दिलं, "उद्या तू तिला सरावाला हवास म्हणून."

मग त्याला शेजारी बसवून सरांनी जिगोरो कानो यांच्याबद्दल सांगितलं. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात १२ चटयांवर त्यांनी ज्युदो सुरू केला आणि दोघांचंही भलं व्हावं हे त्याचं एक मुख्य तत्त्व ठरवलं. तो मुलगा टिकला. पुढे नव्या मुलांना पडायला तोच शिकवायचा.

मध्यंतरी वर्गावर डोकावले तर दोन अगदी नव्या मुलांची लढत लावलेली दिसली. बॅच मोठ्या झाल्यात, वरच्या पट्ट्यांची मुलं दहावी-बारावीला सुटतात, हे मला समजतं. तरी हात जोडून सांगते, हे करू नका. जोडीला माणूस कमी पडत असेल तर आम्हा जुन्यांना हाक मारा. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी मी कोथरूडहून येऊ शकते, आणि माझा ड्रेस अजून मला होतो.