हम गेला!

हम, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत येणारी विजेची घुंऽऽ, गेला. मागच्या दोन्ही अपडेटमध्ये ज्याच्यावर लिहिलं, मी घरी रेकॉर्ड केलेल्या पाचही गाण्यांच्या गिटारखाली बसलेला, तोच. काल रात्री हेडफोन लावून नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि तीनदा ऐकली.

गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एका वेटोळ्याचं चुंबक) विजेचा 50 हर्ट्झचा हम ओढणारच, हंबकर (हम मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) टाक, असं तुमच्यापैकी बरेच म्हणाले. पण तो हम गिटार फिरवली की कमी-जास्त होतो. माझा होत नव्हता. उलट तारांना हात लावला की निम्मा व्हायचा, लॅपटॉपचा चार्जर काढला की पार जायचा. पण माझी बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. केबल बदलल्या. नागपूरहून डीआय बॉक्स (गिटार आणि रेकॉर्डिंगच्या मधे लावायचा डबा) आणला. "हम राहिला तर पैसे परत" म्हणणारा दुकानदार आता फोनच उचलत नाही, याचा राग आहेच.

शेवटी मायकच्या जाळीला टेस्टर लावला, तर दिवा मिणमिणला! वायरमनकाकांनी परसातला अर्थिंगचा खड्डा पाहिला आणि म्हणाले, "याले अर्थिंग कुठी आहे बावा, मातीनं पाइप सोडला ना!" आमच्या राळेगावकडच्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाभोवतीची माती आकसून बाजूला झाली होती. चार्जरमधला फिल्टर थोडा करंट अर्थला सोडत असतो. त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती, म्हणून तो इंटरफेसच्या (मायक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) धातूच्या अंगावर, तिथून मायकवर आणि तारांवर येत होता. क्लॅम्पचा गंज घासला, कोळसा-मीठ नव्याने भरलं, चार घागरी पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी टेस्टर विझला. आता संध्याकाळी तुळशीबरोबर अर्थिंगलाही पाणी.

म्हणजे पाचही गाणी पुन्हा घ्यायची, असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण सध्या अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' अल्बम रोज ऐकतोय. जानेवारी 1982, न्यू जर्सीतलं भाड्याचं घर, टास्कॅमचं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन. निव्वळ डेमो. पुढे बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवली, पण जीव कॅसेटवरच्यांतच होता. ती कॅसेट रेकॉर्डच्या तबकडीवर उतरवताना इंजिनिअर मेटाकुटीला आले, तरी तीच बाहेर आली. टूर केली नाही, तरी अमेरिकेत अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

माझं तिसरं गाणं मार्चमधलं आहे. आवाज आणि गिटार एकत्रच घेतलेले, हमसकट. हम काढायला 100 आणि 150 हर्ट्झला नॉच मारला (तेवढाच सूर कापला) तर गिटारचं पोट जातं. तो गळा मला परत लागणार नाही. ते तसंच ठेवतो. चारच पुन्हा घेईन.

बाबांना कच्चं मिक्स ऐकवलं. "आवाज बरा लागला तुया. पण गिटार कमी कर, शब्द समजूनच नाही रायले." बरोबर आहे. 3 डेसिबल खाली आणली आणि गाणं उघडलं.

आणि आत्ताच सुचलं: कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन रिकामं आहे. ड्रम तिथेच घ्यावेत, मिरगाच्या आधी. टिनावर पाऊस सुरू झाला की संपलं. उद्या मालकांना विचारतो.