तिथी बघून टाकलेला गळ

खाडीवर गळ टाकायला जायचं असेल तर रॉड घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आज तिथी कोणती, यावर तुमचा सगळा दिवस ठरतो.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून भाचा आला होता आणि त्याला समुद्रातला मासा स्वतःच्या हाताने धरायचा होता. त्याच्या डोक्यात अलिबाग होतं. मी म्हटलं, घराजवळच खारं पाणी असताना एवढ्या लांब कशाला जायचं? आम्ही नवी मुंबईतल्या नेरुळची सारसोळे जेट्टी ठरवली. पाम बीच रस्ता ओलांडून कांदळवनातून पुढे गेलं की ती लागते. ऐरोलीचाही विचार आला होता, पण ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पाखरांच्या त्या जागेत गळ घेऊन जाणं मला पटत नाही. सारसोळे त्या हद्दीच्या दक्षिणेला येतं.

जेट्टी झाली तरी ती कोळ्यांच्या रोजच्या कामाची जागा. म्हणून आधी रिकाम्या हाताने गेलो. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना विचारलं, इथे गळ टाकून बसलो तर चालेल का? ते म्हणाले, "बसा ना. होडी लागते तिथं नको, त्या टोकाला बसा." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "पोरा, पानी कधी भरतं ते म्हाइत हाय का?" त्याने लगेच मोबाइल काढला. काका हसले आणि त्यांनी जो हिशोब सांगितला तो मी आजही मोबाइलच्या आधी करतो.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण त्या वेळी भरती पूर्ण होते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पाणी भरलेलं. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी, आणि पुढची भरती रात्री साधारण त्याच वेळेला. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. खाडीत आतवर यायला पाण्याला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सूट ठेवायची.

वेळ कळली तरी पाण्याचा जोर वेगळा पाहावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात येते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, तो भांग. काकांनी बजावलं होतं की भाऊबीजेला गळ तळाला टिकणार नाही. आम्ही तरी गेलो, ते पाणी बघायला. तपकिरी पाणी जेट्टीच्या खांबांना वळसे घालत आत येत होतं. भाच्याने शिसं बांधून दोर सोडला तर क्षणात तो तिरपा होऊन खांबापाशी आला. षष्ठीला त्याच जागी तसंच शिसं सोडलं आणि ते खाली जाऊन बसलं. हा फरक सांगून कळत नाही, दोर बोटात धरल्यावरच कळतो.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. माझ्याकडे सात फुटी रॉड आणि रील होतं, पण भाच्याला काकांनी रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, दिली, आणि शिकणाऱ्याला तीच द्यावी असं माझं ठाम मत झालंय. रॉड टोकाने बोलतो, तंगूस थेट बोटाशी. तर्जनीवर दोर हलका ताणून ठेवायचा. पाण्याच्या ओढीचा ताण सलग असतो, खेकड्याने आमिष कुरतडलं तर बारीक खरखर येते, आणि मासा टोचा मारतो. आमिषाला ताजी कोळंबी, कवचासकट, शेपटीकडून गळात ओवलेली. खाडीचं पाणी गढूळ असल्याने मासा बराचसा वासावर येतो, चमकणाऱ्या खोट्या माशांचा इथे फारसा उपयोग नाही. पाण्यावर बोयट मासे उड्या मारताना दिसतात, तिकडे कोळंबी टाकून बसू नका. त्यांचं खाणं शेवाळ आणि चिखलातलं बारीकसारीक असतं.

षष्ठीच्या त्या दिवशी साडेचारच्या पुढे पाणी थांबलं. चढही नाही, उतारही नाही. मग जेट्टीजवळ तरंगणारी एक काडी सावकाश उलट्या दिशेने निघाली आणि काका म्हणाले, "आता बघ." थोड्याच वेळात भाच्याचा हात खेचला गेला. वर आला तो शिंगाळा, वीतभर, मिशा फेंदारलेला आणि कुर्र कुर्र आवाज करणारा.

भाचा हात घालणार तोच काकांनी त्याचं मनगट धरलं. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या पंखांत. त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि त्यांत विष असतं. टोचला तर हात ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला की वेदना उतरते, आणि काटा आत मोडला असेल तर डॉक्टर गाठायचाच. काकांनी ओलं फडकं घेऊन मासा मागून धरला, बाजूचे काटे बोटांच्या बेचक्यांतून बाहेर ठेवले आणि पक्कडीने गळ उलटा फिरवून काढला. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खातही नाही. हे सांगितल्यावर भाच्याने तो स्वतःहून पाण्यात सोडायला लावला.

अंधार पडायच्या बेतात माझ्या रॉडला जिताड्याचं पिल्लू लागलं. चंदेरी अंग, खालचा जबडा किंचित पुढे. रायगडकडे जिताड्यासाठी लोक जीव टाकतात, मीही टाकतो. पण हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे अंडी देणारे सगळे मोठेच. हातभर लांबीच्या आतला जिताडा ठेवायला मन होत नाही. ओल्या हाताने धरला आणि सोडला. खायला जिताडा दुसऱ्या दिवशी बाजारातून आणला, काटे कमी असल्याने भाच्याने भरपूर हाणला.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढंच. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उतरू देऊ नका. बाजूच्या चिखलात पाय तर अजिबात नको, मांडीपर्यंत रुततो. मुलाला लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी. घरी आल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ रील खातं. आणि तुटलेली तंगूस, मग ती बोटभर का असेना, खिशात घालून परत आणा. हिवाळ्यात या खाडीत हजारो पाखरं चिखलात चरायला उतरतात, आणि पायात तंगूस गुंतली की ती पाखराला स्वतःहून सोडवता येत नाही.