दंडाची पावती आणि नोकरीचा अर्ज

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी कामगार भरतीचे काम पाहतो. आयटीआयमधून वेल्डर, फिटर, वायरमन होऊन आलेली मुले गुणपत्रिकांबरोबर पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडतात. बहुतेकांच्या प्रमाणपत्रावर काहीही नोंद नसते; काहींच्या मात्र एक गुन्हा क्रमांक, एक कलम आणि एक साल असते. ती ओळ दिसताच अर्ज बाजूला ठेवण्याची पद्धत या भागातील अनेक कारखान्यांत आणि त्याहून अधिक ठेकेदारांकडे आहे. ही पद्धत चुकीची आहे, असे मला मनापासून वाटते. आणि त्या मुलांना जे आधीच कोणीतरी सांगायला हवे होते, तेही इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

विदर्भात पोळ्याच्या सुमारास पत्त्यांचे डाव बसतात आणि त्याच दिवसांत पोलिसांच्या धाडीही पडतात. कामठी रस्त्यालगतच्या एका वस्तीतील मुलगा एकोणिसाव्या वर्षी अशाच एका डावात सापडला. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ च्या कलम १२ खाली त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. न्यायालयाच्या आवारात सोबतच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितले, ‘‘कबूल करून टाक, दंड भर आणि मोकळा हो, नाहीतर तारखांमध्ये रोजी बुडेल.’’ हा सल्ला प्रेमाने दिलेला होता, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात रोजी बुडण्याची भीती खरीच असते. पण गुन्हा कबूल करून दंड भरला, की कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी होते, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवले असे धरले जाते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ११० आणि ११७ खाली, म्हणजे रात्री चौकात आरडाओरडा केला म्हणून, दंड भरणाऱ्याचेही तेच होते. काही मिनिटांत आटोपलेले ते प्रकरण काही वर्षांनी वीजकेंद्रातील ठेकेदारीच्या कामासाठी गेटपास काढताना त्या मुलासमोर उभे राहिले.

त्या दिवशी त्याच्यासमोर दुसरे मार्गही होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ नुसार, आधी कोणतीही शिक्षा न झालेल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीला न्यायालय समज देऊन सोडू शकते, आणि कलम ४ नुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकते. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अशा व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी त्याने पुसली जात नाही, आणि नोकरीत असलेल्या माणसाच्या विभागीय चौकशीत हे कलम ढाल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तरीही नोकरी शोधणाऱ्या तरुणासाठी दंडाची पावती आणि न्यायालयाची समज यांत मोठे अंतर आहे. मात्र ही मागणी न्यायालयासमोर कोणीतरी ठेवावी लागते, आणि वकील नसलेला मुलगा ती ठेवत नाही.

शेजाऱ्यांशी झालेल्या मारामारीचे निराळे आहे. साधी दुखापत, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ३२३ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२), हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा आहे, आणि कायद्यानुसार झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. जिथे कायदा तडजोडीला वाव देत नाही, पण भांडण मुळात दोन घरांमधलेच आहे, तिथे गुन्हा रद्द करण्याची विनंती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे करता येते. घटनेच्या वेळी मुलगा अठरा वर्षांच्या आत असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ त्याचे रक्षण करते: बाल न्याय मंडळापुढील निर्णयामुळे त्याला अपात्रता येत नाही, आणि सोळा वर्षांवरील मुलांच्या घृणास्पद गुन्ह्यांचा अपवाद वगळता अपिलाची मुदत संपल्यावर ते कागद नष्ट करायचे असतात.

आता अर्जाविषयी. ‘‘सर, लिहू का नको लिहू?’’ हा प्रश्न मला मुले आडबाजूला घेऊन विचारतात, आणि माझे उत्तर एकच असते: आधी प्रश्न नीट वाच. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पूर्ववृत्त पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, अटक झाली होती का, खटला चालला का, बंधपत्र द्यावे लागले का, न्यायालयाने दंड केला का, शिक्षा झाली का, प्रकरण प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलेला मुलगा ‘अटक झाली होती का’ याला ‘नाही’ असे उत्तर देतो, कारण त्याच्या मते प्रकरण संपलेले असते. आणि नेमके तेच उत्तर पुढे माहिती लपवली या कारणाने त्याची नेमणूक घालवते. मूळ प्रकरणामुळे कदाचित काहीच अडले नसते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने या विषयाची सूत्रे घालून दिली, ती भरती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे तर त्यात आहेच. पण तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणातील शिक्षा लपवली गेली असली तरी नियुक्ती अधिकारी तिकडे दुर्लक्ष करू शकतो, असेही त्यात म्हटले आहे. नमुन्यातील प्रश्न मोघम असता कामा नये, आणि जे स्पष्टपणे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: सर्व काही खरे लिहिले तरी पूर्ववृत्त तपासण्याचा मालकाचा अधिकार उरतोच, आणि नेमणूक द्यावीच अशी सक्ती त्याच्यावर होत नाही. तरीही मी मुलांना खरेच लिहायला सांगतो, कारण खऱ्या उत्तराचे समर्थन करता येते, तर खोटे उत्तर उघडकीस आले की बोलायला जागा राहत नाही.

काही दरवाजे कायद्यानेच बंद केले आहेत. खासगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षा रक्षक म्हणून ठेवता येत नाही. मिहान आणि बुटीबोरी हे औद्योगिक भाग, शहरातील मॉल आणि रुग्णालये येथे कमी शिकलेल्या तरुणाला सर्वांत लवकर मिळणारे काम हेच असते. दरोड्याची शिक्षा भोगलेला आणि पत्त्यांच्या डावात दंड भरलेला या दोघांना एकाच ओळीत बसवणारी ही तरतूद मला अन्यायाची वाटते. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे, की ठरावीक काळ नीट वागल्यावर लहान शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगावीच लागत नाही. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. तो व्हायला हवा.

तोपर्यंत खासगी कारखान्यांच्या हातात पुष्कळ आहे. आम्ही आमच्या अर्जातला ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ हा सरसकट प्रश्न काढून टाकला. आता प्रलंबित खटला आणि झालेली शिक्षा एवढेच विचारतो, कलम व साल लिहायला जागा देतो, आणि नोंद असलेल्या उमेदवाराशी बोलल्याशिवाय नकार कळवत नाही. भांडारात माल सांभाळणाऱ्याच्या चोरीच्या नोंदीला जे वजन द्यावे लागते, ते वेल्डरच्या जुगाराच्या नोंदीला देण्याचे कारण नाही. पत्त्यांच्या डावात सापडलेला तो मुलगा आमच्याकडे वेल्डिंगच्या कामावर आहे, आणि त्याने अर्जात कलम व साल स्वतःच्या अक्षरात लिहिले होते.

ज्यांच्या घरात असे प्रकरण झाले आहे त्यांनी न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवावी, कारण किरकोळ खटल्यांचे जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात आणि मग निर्दोष सुटल्याचा पुरावाही हाती राहत नाही. प्रकरण अजून चालू असेल, तर कबुलीवर सही करण्यापूर्वी नागपुरातील सिव्हिल लाईन्समधील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले आरोपी यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता वकील मोफत मिळतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत, पुढच्या तारखेची चिठ्ठी आणि वयाचा दाखला सोबत ठेवावा.