पुणे ते गोवा सायकलवरून सागरी मार्गाने, दिवस पहिला: चांदणी चौक ते दिवेआगर

झाला एकदाचा पहिला दिवस! दिवेआगरला एका घरगुती मुक्कामी ओट्यावर बसून लिहितोय, बाकीचे सहाही जण जेवून गपगार झोपलेत. आज १४८ किमी.

पहाटे ५ ला चांदणी चौकातून निघालो. डिसेंबर आहे त्यामुळे पिरंगुटचा घाट उतरताना बोटं अक्षरशः बधिर झाली, ब्रेक दाबला गेलाय की नाही तेच कळेना, तेव्हा फुल ग्लोव्हज घ्याच. पौडला पोहे-चहा आणि मग उजाडता उजाडता मुळशीचं पाणी दिसायला लागलं. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, तिथून जाताना मला दरवेळी पाण्याखाली गेलेली गावं आठवतात आणि आपोआप पॅडल हळू होतं.

ताम्हिणीच्या आधी काकांचं (वय ६१, ग्रुपमधले सगळ्यात सीनियर) मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दोन किमीवर परत फुस्स. मग टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं तर केसाएवढी बारीक तार, ट्रकच्या फुटक्या टायरमधली असते ना तसली. म्हणून सांगतो, तार सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, आमच्या दोन ट्यूब आणि पाऊण तास गेला.

घाटाचा उतार म्हणजे सुख आहे पण ब्रेक धरून ठेवायचा नाही, वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा, आणि दोन सायकलींत नीट अंतर. विळ्याला उतरलो तर हवाच बदललेली, जॅकेट काढलं तरी घामाच्या धारा. निजामपूरवरून माणगावला पोचायला साडेबारा, तिथे राइस प्लेट आणि दोन-दोन ग्लास सोलकढी.

आता खरी गोष्ट. सगळे ताम्हिणीची भीती घालतात, पण मला विचाराल तर या दिवसाची परीक्षा माणगावच्या पुढे आहे. साई, घोणसे घाट, म्हसळा, नुसता चढ-उतार, चढ मोठे नाहीत पण भर दुपारी, शंभर किमी झालेल्या पायांनी आणि पॅनिअरचं (कॅरियरला लावलेल्या बॅगांचं) ८ किलो वजन घेऊन. मी हलक्या गिअरवर (पुढे ३४ दाते, मागे ३२) होतो तरी केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, पन्नाशीच्या खाली. घोणसेत आमच्यातल्या एकीच्या पोटऱ्यांत गोळे आले. ओआरएस दिलं, सावलीत वीस मिनिटं थांबलो, तिचं सामान तिघांत वाटून घेतलं. काकांना म्हटलं तुम्ही पण बसा जरा, तर म्हणाले, "अरे मी बसलो की पाय धरतात माझे, मी उभाच बरा." आणि पुढे शेवटपर्यंत तेच तिच्या मागे राहिले, एकदाही ओव्हरटेक न करता. असा माणूस स्वीपला, म्हणजे सगळ्यात मागे, असला की ग्रुप तुटत नाही, खरंच सांगतो.

बोर्ली पंचतनच्या पुढे सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या आणि सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना सातही सायकली पुळणीवर! कोणीच काही बोललं नाही बराच वेळ. मग सुवर्णगणेशाचं दर्शन. २०१२ ला सोन्याचा मुखवटा चोरीला गेला होता, नवा २०२१ मध्ये बसला, त्यानंतर मी पहिल्यांदाच आलो.

उद्या हरिहरेश्वर, बागमांडला-वेसवी फेरी आणि दापोली. आता चेन पुसून ऑइल करतो, वाळू गेलीये.