त्रिपुरीनंतरचा हरिहर

आमच्या पंचवटीतल्या मंडळाचा गणेशोत्सव दहा दिवसांचा असला, तरी मंडळाचे वर्ष पुरे होत असे ते त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या हरिहर गडाच्या सहलीने. विसर्जनानंतरचा हिशोब लागला, वर्गणीच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे कपाटात गेले आणि घरोघरी फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले, की खजिनदार काका गच्चीवर बैठक बोलावत. कोण येणार, एवढाच प्रश्न असे. गड कोणता आणि दिवस कोणता, हे कधीच ठरवावे लागले नाही.

काकांनी हे दिवस विचारपूर्वक निवडले होते. पावसाळ्यात हरिहरच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि शेवाळावर पाय ठरत नाही. उन्हाळ्यात तोच काळा कातळ हात टेकवू देत नाही. कार्तिक सरता सरता मात्र दगड कोरडा आणि थंड असतो, गडावरचे तळे भरलेले असते आणि गवत पिवळे पडू लागलेले असते.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पहाटेच्या एसटीने त्र्यंबक आणि तिथून जीपने निरगुडपाडा, हा आमचा नेहमीचा रस्ता. जीपच्या उघड्या बाजूने येणारा वारा कानटोपीतूनही बोचत असे. दोन्ही बाजूंना भाताची सोंगणी चाललेली, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या, आणि चढावरच्या वावरांत नागली, वरई आणि खुरासणी. शहरात वाढलेल्या आम्हा मुलांना ही पिके नावानिशी ओळखायला शिकवले ते याच सहलीने, आणि त्याबद्दल मी आजही मंडळाचा ऋणी आहे.

हरिहरची उंची सुमारे 1120 मीटर. पायथ्यापासूनची वाट सोपी आहे. गडाचे खरे रूप दिसते ते कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांपाशी. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटे अडकवण्यासाठी खोबणी कोरलेल्या आहेत. शेकडो वर्षांच्या हातांनी त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की आत बोटे घातली, की ती आपोआप जागेवर बसतात. सकाळी त्या खोबणींत गारवा साठलेला असतो आणि तो मनगटापर्यंत चढत जातो.

एका वर्षी आमच्यातला एक मित्र अर्ध्या पायऱ्यांवर थिजला. त्याला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. काका त्याच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “खाली बघू नकोस. पुढची खोबण कुठे आहे, तेवढे मला सांग.” तो सांगत गेला आणि चढत गेला. दरवाज्यात पोहोचल्यावर कोणीही त्याची चेष्टा केली नाही. तशी काकांची सक्त ताकीदच असे. गेल्या वर्षी तोच मित्र आपल्या मुलीला घेऊन आला होता, आणि सगळ्या चढाईत तिच्यामागे दोन पायऱ्या सोडून चालत होता.

दरवाज्यापुढे कातळाच्या कपारीतून वाकून जावे लागते, मग पुन्हा पायऱ्या, आणि मग माथा. लहान खिडकीतून आत शिरावे लागते ती दगडी कोठी, हनुमानाचे ठाणे आणि तळे ही आमची ठरलेली ठिकाणे. सर्वांत उंच टेकाडावर उभे राहिले, की ब्रह्मगिरी, अंजनेरी, भास्करगड आणि वैतरणेचे पाणी असे सारे एका फेरीत दिसते. काका 1818 ची हकिकत तिथेच सांगत: त्र्यंबकगडाच्या पाडावानंतर हा परिसर इंग्रजांच्या हाती कसा गेला, ते. ऐकणारे बदलत, सांगणे तेच राही.

तळ्याकाठी फराळाची मोट सुटे. प्रत्येक घरचा चिवडा एकाच वर्तमानपत्रावर ओतला जाई, आणि त्यात कोणाच्या आईचा कोणता, हे चवीवरून ओळखण्यात अर्धा तास जाई. उतरताना कातळाकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत यावे लागे, म्हणून काका सर्वांत आधी उतरून खाली उभे राहत आणि वरून येणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल शेवटच्या पायरीवर टेकेपर्यंत नजर हलवत नसत. पायथ्याशी एका खळ्यावरच्या आजी आमच्यासाठी नागलीच्या भाकरी आणि ठेचा तयार ठेवत. त्या भाकरी हातात घेऊन, खळ्यातल्या भाताच्या वासात, आम्ही जीपची वाट पाहत बसत असू, आणि समोर हरिहरच्या माथ्यावर शेवटचे ऊन असे.